वास कुठून येतो

शनिवार, ३ सप्टेंबर

लमीस म्हणते, "आई, रोज फोनवर वासाचं रडगाणं गाण्यापेक्षा लिहून ठेव. कधी येतो, कुठून येतो, कशासारखा येतो." शाळेत विज्ञान शिकवते, तिला सगळ्याची नोंद लागते. म्हणून ही डायरी काढली. सिमेंटवाल्याने मुनीबला भेट दिलेली. पहिल्या पानावर त्याने स्वतःचं नाव आणि रक्तगट लिहिलाय, पुढे सगळं कोरं. एप्रिलमध्ये गेला. वर्षभराची पानं मला ठेवून गेला.

तर वास. कधी: बुधवारपासून. कुठून: मोरी, संडास, स्वयंपाकघरातलं सिंक, तिन्हीकडून. कशासारखा: सडकी अंडी, आणि त्यात भिजलेलं मेंढरू. संडासात बादली ओतली की तिकडे सिंक ढेकर देतं. मेलं जेवून बसल्यासारखं. काल कॉफी उकळली, कप तोंडाशी नेला आणि तसाच ओतून दिला. आयुष्यात पहिल्यांदा कॉफी ओतली.

धाकटा दीर अबू हातिम खाली राहतो. मंगळवारी गच्चीवर टीव्हीची डिश सरळ करायला गेला होता, ऊन म्हणून डोक्याला मुनीबचा शमाग गुंडाळून. लाल चौकड्याचा तो रुमाल चाळिसाव्याला कपडे वाटले तेव्हा मीच त्याला दिला. त्याच्या कडेची पांढरी बोंडं मी केलेली, एका हिवाळ्यात गाठी मारून मारून, डोळे फुटेस्तोवर. तेव्हा त्याने तो डोळ्यांना लावला होता. बरं वाटलं होतं मला.

गच्चीवरून उतरला तेव्हा टक्कल नुसतं टोमॅटो झालं होतं. चहा दिला. पिता पिता म्हणाला, "वहिनी, तुमच्या मजल्याचे पाइप आता जुने झाले हं. वास मारायला लागतील." आणि दुसऱ्याच दिवशी मारला की. नाक तीक्ष्ण आहे त्याचं, मानलं पाहिजे.

खोटं कशाला लिहू, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी उंबरा ओलांडला नाही, तेव्हा भाकरी, गॅस, गुडघ्याच्या गोळ्या सगळं त्यानेच आणलं. इद्दत गेल्या आठवड्यात संपली. आता निदान बाहेर जाऊन श्वास घेता येतो.

रविवार, ४ सप्टेंबर

नळवाला येऊन गेला. शी.

एकट्या बाईच्या घरात कारागीर यायचा तर घरातला कुणी पुरुष येऊन बसायला हवा. म्हणजे अबू हातिम आला. म्हणजे त्याच्यासाठी मटण-भाताचा मक़लूबा करणं आलं. नळवाला बूट घालून गालिच्यावरून गेला, बेसिनमध्ये सिगारेट विझवली, मोरीत एक सळई खुपसून दोनदा हलवली आणि तीच सळई माझ्या पांढऱ्या टॉवेलला पुसली. वास काय, तर मी विचारते ते ऐकूच येत नव्हतं त्याला. मी प्रश्न विचारायची आणि तो उत्तर दिराला द्यायचा. "बायका सिंकमध्ये तांदूळ ओततात," असंही म्हणाला. मी समोर उभी.

निकाल असा: सगळ्या फरश्या उखडायच्या, पाइप नवे टाकायचे, तीन महिने घरात राहता येणार नाही.

तो गेल्यावर अबू हातिमने दुसरं ताट वाढून घेतलं. त्या वासात याला दोन ताटं जातात कशी, देव जाणे. माझ्याच काडेपेटीतल्या काडीने दात कोरत म्हणाला, "वहिनी, घराचंही वय होतं. कशाला उखडाउखडी? लमीसकडे इर्बिदला जा, नातवंडांत राहा. तुमचा आणि लमीसचा वाटा मी घेतो, रीतसर. माझ्या हातिमचं लग्न तीन वर्षं अडलंय. मुलीचा बाप म्हणतो, वेगळं घर दाखवा."

हातिमचं खरं आहे, पोरगा तिशीला आला. आणि मला मुलगा नाही म्हणून कायद्याने दिराचाही या मजल्यात वाटा निघतो, तेही खरं आहे. पण हा मजला मुनीबने सासऱ्यांच्या घरावर स्वतःच्या कमाईने चढवला. मी त्यासाठी सतरा वर्षं लोकांच्या मुलींचे लग्नाचे कपडे शिवले. माझी हाडं यात आहेत. हे बोलायला हवं होतं. बोलले नाही. ज्याने चार महिने भाकरी आणली त्याच्यापुढे जीभच उचलत नाही.

कोरलेली काडी त्याने ताटातच टाकली होती. ती काढताना ओकारी आली.

मंगळवार, ६ सप्टेंबर

ठरलं. नळवाला नको म्हणजे दीर नको. वास मी शोधणार.

मुनीबची हत्यारांची पेटी काढली. नट आवळायचे तीन पाने अजून तेलकट कागदातच. मुनीबला खिळा ठोकता येत नसे, बोट मात्र नेमकं ठोकता येई. हत्यारं विकत घ्यायची भारी हौस. या घरातला एकूण एक नळ अबू हातिमने बसवलाय, आणि चांगला बसवलाय. कुठला पाइप कुठून कुठे जातो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणूनच तर सगळे म्हणतात, त्याला विचार.

सिंकच्या खाली बादली ठेवली, बॉटल ट्रॅपला कापड गुंडाळून पाना लावला, जोर केला. हलेना. उलट्या बाजूला फिरवत होते, हे अर्ध्या तासाने कळलं. मग सुटला आणि जे काही आलं ते बादलीत कमी, बाहीत जास्त आलं. काळा लगदा. त्यात कॉफीचा गाळ, बकरी ईदची चरबी गोठून मेणासारखी झालेली, एक चमचा, आणि केस. केस राखाडी. माझेच असणार, आणखी कुणाचे? स्वतःचीच किळस आली.

धुतलं. जुना वायसर फाटला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणला. दुकानदार म्हणाला, कारागिराला सांगा दोन आटे जास्त देऊ नको. मी म्हटलं, सांगते त्याला. घरी येऊन सांगितलं स्वतःला.

नळ सोडला. खाली टिपूस नाही. महिनोन् महिने तिथे डबा ठेवत होते मी, थेंब पडायचा म्हणून. डबा उचलून वर ठेवला. गुडघे दुखत होते तरी फरशीवर बसून कोरड्या पाइपाकडे पाहत राहिले. शिवलेला झगा नवरीला नेमका बसला की जसं वाटायचं तसंच वाटलं.

वास: जसाच्या तसा.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख.

मोरीतला नाहाणी ट्रॅप उघडला. वरची जाळी काढल्यावर जे दिसलं ते लिहीत नाही, ही डायरी पुढे कुणी वाचेल. लगदा काढता येईना म्हणून पाइप साफ करायचं ॲसिड आणलं होतं, ते अर्धी बाटली ओतलं. आत फसफस सुरू झाली. वाफ उठली. आता पाणी मारायचं म्हणून नळ सोडला, तर नळाने फक्त फुस्स केलं.

आमच्या गल्लीला पाणी शनिवारी येतं. आठवड्यातून एकदा. शुक्रवारी टाकीत काय असतं? बुडाचा गाळ. जन्म गेला या शहरात, शुक्रवारी कुणी केस धूत नाही, आणि मी ॲसिड ओतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डोळ्यांतून पाणी, घशात आग. जिन्यात येऊन बसले आणि खोकत राहिले. खालून जाऊ, उम्म हातिम, बादली घेऊन धापा टाकत आली. त्यांच्या पिंपातलं पाणी. माझ्या मोरीत ओतलं, खिडक्या उघडल्या, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, गच्चीवर नका जाऊ हं. तुमचा गुडघा."

गच्चीचं कोण बोललं? पण काळजी करते बिचारी.

बादली परत द्यायला खाली गेले. त्यांच्याकडे गुलाबपाण्याचा वास. खालच्या मजल्याचा पाइप मागच्या भिंतीने वेगळा वर जातो, आमचा जिन्याच्या बाजूने. म्हणून त्यांना काही त्रास नाही.

शनिवार, १० सप्टेंबर

पाणी आलं. सगळीकडे सोडलं, सगळं घासलं. मोरी चकचकीत. दोन तास वास नव्हता. लमीसला फोन केला, फुशारकी मारली.

दुपारी भांड्यांचं पाणी सोडलं, सिंकने ढेकर दिला, आणि आला.

बुधवार, १४ सप्टेंबर

आज काहीच उघडलं नाही. उघडायला काही उरलंच नाही.

एक भलतंच मनात आलंय. वास घराचा नसेल तर? माझा असेल तर? म्हाताऱ्या माणसांना वास येतो आणि त्यांना स्वतःला कळत नाही. मुनीबच्या आईला यायचा. मी नाकाला ओढणी लावून तिची चादर बदलायची, आणि तिला कळायचं. आता आठवतं, कळायचं तिला.

आज दोनदा अंघोळ केली. एवढं पाणी वाया घालवलं. भाकरीवाल्यापाशी उभी राहिले तर पुढची बाई सरकली. रांग सरकली म्हणून सरकली की आणखी कशामुळे, कळलं नाही. अबू हातिम संध्याकाळी दारातूनच बोलला, आत आला नाही, नाकाला हातरुमाल. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सवय झाली असेल, बाहेरच्याला उभं राहवत नाही हो." मग खाली निघून गेला.

मुनीब असता तर म्हणाला असता, इन्साफ, तुझ्या अंगाला वेलदोड्याचा वास येतो. खोटारडा होता. रोज म्हणायचा.

शनिवार, १७ सप्टेंबर

काल लमीस आली होती. दार उघडल्या उघडल्या तिला म्हटलं, "आधी माझा वास घे." ती हसायला लागली. मी हसत नाही हे बघून थांबली. मानेपाशी नाक नेलं, मग मिठीच मारली. "साबण," म्हणाली. "साबण आणि वेलदोडा. झालं समाधान?" मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते तरी कांदा म्हटलं.

पण रात्री ती नाकावर ओढणी बांधून झोपली. सकाळी म्हणाली, "आई, चल ना माझ्याकडे." खरं सांगते, मी हो म्हणणार होते. तोंडात आलं होतं.

तेवढ्यात सिंक ढेकरलं आणि तिने कान टवकारले. रसाच्या डब्याची नळी घेतली, पाण्यात बुडवली, वरच्या टोकावर बोट ठेवून उचलली. पाणी आतच. बोट काढलं, पाणी खाली. म्हणाली, "आई, तुझा पाइप गुदमरतोय. पाणी खाली जायला वरून हवा लागते. हवा मिळाली नाही की तो तुझ्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी ओढून घेतो. मग गटाराचा वास थेट घरात. पाइपाचं वरचं तोंड कुठे आहे?"

पाइपाला वरचं तोंड असतं हेच मला आज कळलं. एकसष्ट वर्षांची झाले. मी आपली दोन आठवडे खालच्या तोंडांत हात घालून घालून कंटाळले. कबुतराने घरटं बांधलं असेल, म्हणाली लमीस.

ती बसने गेली आणि अबू हातिम वर आला. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर घराण्यातले चौघे वडीलधारे माझ्याकडे कॉफीला येणार आहेत म्हणाला. सगळ्यांत वडील हाजी अबू ग़ालिबसुद्धा.

नुसते कॉफीला कोण येतं? ही जाहा आहे. वडीलधारे येतात, कॉफी पुढे येते, ते कप उचलत नाहीत, खाली ठेवतात, आणि म्हणतात, आमचं मागणं मान्य करशील तर पिऊ. मुलगी मागायला असंच येतात, खुनाची माफी मागायलाही असंच येतात. त्यांची कॉफी निवू देणारा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही. बाई तर नाहीच नाही. आणि माझ्या घरात त्यांना वासाने एक मिनिट बसवणार नाही. अबू हातिमला काही बोलायचीही गरज पडणार नाही, घरच बोलेल माझ्याविरुद्ध.

मंगळवार, २० सप्टेंबर

गच्चीच्या दाराला ऑगस्टअखेरपासून कुलूप आहे. काल अबू हातिमकडे किल्ली मागितली. म्हणाला, हातिम झरक़ा शहरात घेऊन गेलाय. मग म्हणाला, हरवली. मग म्हणाला, वर कबुतरांची घाण आहे, पाय घसरेल. एका किल्लीला तीन कारणं. मला वाटलं, माझ्या गुडघ्याची सगळ्यांनाच काळजी.

आज तो शुक्रवारच्या निमंत्रणांसाठी बाहेर गेला. मी पेचकस घेतला. कुलूप उघडता येत नसेल तर दार उघडायचं. बिजागऱ्यांचे आठ स्क्रू. सात सुटले. आठव्याचं डोकं गुळगुळीत झालं होतं, त्यावर रबराचा तुकडा ठेवून दाबून फिरवला. हे दुकानदाराने शिकवलं होतं, कारागिराला सांगा म्हणून. दार कुलपासकट भिंतीला टेकवून ठेवलं. एवढा आनंद झाला की क्षणभर विसरले कशाला आले ते.

कबुतरांची घाण होती, तेवढं खरं. चपलेखाली चिकट. टाक्यांच्या पलीकडे, जिन्याच्या बाजूला, माझा पाइप. कमरेएवढा उंच. तोंडात डोकावले. घरटं नव्हतं. काहीतरी लालसर.

हात कोपरापर्यंत घातला. ओलं, गार, बुळबुळीत. ओढलं, येईना. पायाने पाइपाला रेटा दिला आणि दोन्ही हातांनी ओढलं. आलं. मागोमाग पाइपातून लांब सुस्कारा आला, आणि तो वास, सबंध तीन आठवड्यांचा, तोंडावर. तिथेच ओकले. टाकीच्या कठड्याला धरून, रिकाम्या पोटी, नुसतं पित्त.

मग हातातलं बघितलं. कापड. चिखल झालेला, पण कडेला बोंडं. एकेक बोंड पाच गाठींचं. आमच्या गल्लीत बाकी सगळ्या बायका चार गाठी मारतात.

वाऱ्याने उडून गेला असेल, असं मी खाली उतरेपर्यंत स्वतःला सांगत होते. वाळत घातला असेल, उडाला, पडला. पण वारा हातभर खाली ठोसत नाही. आणि पाइपाशेजारी झाडूचा दांडा पडला होता, टोकाला लाल धागे.

दार परत लावलं. आठही स्क्रू. आठवा जरा जास्तच आवळला.

बुधवार, २१ सप्टेंबर

वास: नाही. संडासात बादली ओतली. सिंक गप्प. आनंद व्हायला हवा. झाला नाही.

रुमाल धुतला. पहिलं पाणी काळं. दुसरं काळं. तिसऱ्यात साबण घातला. शनिवारचं जवळजवळ सगळं पाणी संपवलं. सातव्या पाण्याला लाल रंग दिसला. तरी जवळ घेतला की आहेच थोडा. मग वेलदोड्याच्या पाण्यात ठेवला.

हात धुताना सारखं मनात येत होतं: त्याने माझ्यासाठी भाकरी आणली ती याच हातांनी. माझ्या लग्नात हा तेरा वर्षांचा होता. मी याला भात भरवलाय, तापात बसलेय याच्यापाशी. आणि मला वाटायला लावलं की वास माझ्या अंगाचा आहे. घर मागितलं असतं तर भांडले असते, रडले असते, कदाचित दिलंही असतं. पण हे. गटारापेक्षा घाण आहे हे. गटार बिचारं आपलं काम करतं.

लमीसला फोन लावला आणि सांगितलं, कबुतराचं घरटं होतं.

दुपारी रुमाल बाल्कनीत वाळत घातला होता. खाली उम्म हातिम भाजी घेऊन आली, वर बघितलं. पिशवी तिच्या हातून पडली. टोमॅटो जिन्यापर्यंत गेले. तिने वेचले, पुन्हा वर बघितलं नाही, आत गेली. संध्याकाळी तिने नवऱ्याला काही सांगितलं असं दिसत नाही. तो जिन्यात शीळ घालत होता.

रुमालाला स्टार्च केला. इस्त्री केली. बोंडं एकेक सोडवली.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

जेवढं आठवतं तेवढं लिहिते.

चौघे आले, पाचवा अबू हातिम. दार उघडायच्या आधीच त्याने नाकाला हातरुमाल लावला होता. आत आल्यावरही काढला नाही. बाकीच्यांपैकी कुणीच नाक धरलं नव्हतं. हाजी अबू ग़ालिब माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, ऐंशीचे. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "वा. वेलदोडा. मला तर वाटेत सांगितलं होतं की तोंड बांधून जावं लागेल." अबू हातिमचा रुमाल हळूहळू खाली आला. तो सिंककडे बघत होता.

मी कॉफी दिली. हाजींनी कप घेतला आणि समोरच्या तिपाईवर ठेवला. मग बाकीच्यांनी. मग त्याने. पाच कप, वाफ निघतेय, कुणी हात लावत नाही. हे मी आयुष्यात कितीदा पाहिलंय, पडद्याआडून, दुसऱ्यांसाठी.

हाजी बोलले. मुनीब भला माणूस होता, त्याची बायको आमची लेक, तिला कुणी बेघर करत नाही. पण घर जुनं झालं, बाई एकटी, आणि पोराचं लग्न अडलंय. "आम्ही मागायला आलोय, उम्म लमीस. तू शब्द दे, आम्ही कॉफी पितो."

मी सगळ्यांना सांगणार होते. पाठ केलं होतं. गच्ची, कुलूप, दांडा. ते सगळं बाजूला ठेवलं. उठले, आत गेले, आणि मुनीबचा रुमाल तबकात घालून आणला. घडी केलेला, बोंडं बाहेर. अबू हातिमच्या कपाशेजारी ठेवला.

"तुझा गच्चीवर राहिला होता," मी म्हटलं. "धुऊन आणलाय. डोक्याला बांध, आणि मग माग."

त्याच्या टकलापर्यंत रंग चढला. हाजींनी काठी बाजूला ठेवली, रुमालाची कड उचलून बोंड चाचपलं. त्यांच्या डोक्यावरच्या शमागालाही माझीच बोंडं आहेत, हजला निघाले तेव्हा दिलेली.

"गच्चीवर कुठे, बेटी?"

"माझ्या पाइपात. हातभर खाली. दांड्याने ठोसलेला."

एकाने पाइप म्हणजे कुठला असं विचारलं, त्याला शेजारच्याने कानात सांगितलं. हाजींनी अबू हातिमकडे बघितलं. किती वेळ बघितलं सांगता येत नाही, कॉफीवरची वाफ थांबली एवढं खरं. तो म्हणाला, "हाजी, पोराच्या लग्नासाठी..."

हाजींनी स्वतःचा कप उचलला. मागणं मान्य झालं नव्हतं, शब्द दिला नव्हता, आणि त्यांनी कॉफी प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. म्हणजे मागणंच मागे घेतलं. मग बाकीच्या तिघांनी प्यायली. "पी, अबू हातिम," हाजी म्हणाले. त्याने प्यायली. गार झालेली, गाळ बसलेली, कडू. चेहरा कसा झाला होता ते मी बघितलं. वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही.

ते उठायला लागले तेव्हा मात्र मला वाचा फुटली. हातिमचा काय दोष? तो पोरगा माझ्यासाठी गॅसचे सिलिंडर खांद्यावरून वर चढवायचा. मी म्हटलं, "हाजी, गच्ची रिकामीच आहे. हातिमने वर मजला चढवावा. माझी ना नाही, लमीसचीही नसेल, कागदावर सही देते. फक्त माझा पाइप त्याच्या मजल्याच्याही वर न्यायचा. आणि त्याचं तोंड उघडं ठेवायचं."

हाजींनी डोक्यावर हात ठेवला माझ्या. अबू हातिमने रुमाल उचलला. डोक्याला बांधला नाही, खांद्यावरही टाकला नाही. बगलेत धरून जिना उतरला.

दार लावलं आणि त्याचा कप तीनदा घासला.

सोमवार, २६ सप्टेंबर

सकाळी उम्म हातिम वर आली. पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ताई, आमचं सिंक तुंबलंय. हे हात लावत नाहीत. नळवाल्याला बोलवायचं तर तो यांच्याशीच बोलतो, आणि दोघं मिळून काय ठरवतात मला कळत नाही. तुम्ही बघाल का?"

पेटी घेऊन खाली गेले. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. उठून जाईल असं वाटलं होतं, पण कारागीर आला की घरातला पुरुष बसतो, सवय. मी सिंकखाली आडवी झाले, पाना लावला. या वेळी बरोबर बाजूला फिरवला.

"बादली कोण धरणार?" मी खालून विचारलं.

जाऊ हलली नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला आणि बादली ट्रॅपखाली धरली. मी शेवटचा आटा सोडला. शी, काय नव्हतं त्यात. काळा चिखल, जुनं तेल, भाताची शितं कुजून फेस आलेला, आणि वास असा की माझेही डोळे चुरचुरले. नवा वायसर बसवून सिंकखालून बाहेर यायला मला चांगली वीस मिनिटं लागली. घाई कशाला करू?

त्याने नाकाला रुमाल लावला नाही. दोन्ही हात बादलीला होते.